वाचक विचारतात : पंचांगातले १९७ कोटी

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही निपाणीकडचे. श्रावणात घरी सत्यनारायण होता. पूजा आटोपल्यावर भटजी म्हणाले, ‘आपल्या ऋषींनी पृथ्वीचं वय ४३२ कोटी वर्षं कधीच सांगून ठेवलंय, विज्ञान आत्ता कुठं ४५४ कोटींवर पोचलंय.’ माझी दहावीतली मुलगी मध्येच म्हणाली, ‘दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत.’ वडील भडकले. प्रसाद वाटून होईपर्यंत घरात कुणी बोललं नाही. मुलीचं चुकलं का?

उत्तर : प्रसादाआधी बोलली, तेवढं चुकलं. शिरा गार झाला असेल. बाकी पोरगी बरोबर आहे, आणि ते पंचांगातूनच दाखवता येतं.

४३२ कोटी वर्षं म्हणजे कल्प, ब्रह्मदेवाचा अख्खा दिवस. तो अजून संपलेला नाही. किती सरला ते पूजेच्या सुरुवातीला भटजी म्हणतात त्या संकल्पातच आहे, फक्त आपण ते कान देऊन ऐकत नाही. कल्पाचे मोठे भाग म्हणजे मन्वंतरं. चालू मन्वंतर वैवस्वत, म्हणजे सातवं. सहा संपली, प्रत्येकी ३० कोटी ६७ लाख २० हजार वर्षांची. त्यांचे सात संधी, म्हणजे सांध्यांचे काळ, प्रत्येकी १७ लाख २८ हजार. पुढं सत्तावीस महायुगं, प्रत्येकी ४३ लाख २० हजार. चालू महायुगातली कृत, त्रेता, द्वापर मिळून ३८ लाख ८८ हजार, आणि वर कलियुगाची पाच हजारांवर काही. मुलीला वही घेऊन बसवा. बेरीज येते १९७ कोटी २९ लाखांच्या वर. (सूर्यसिद्धांत यातून सृष्टी घडवायला लागलेली १ कोटी ७० लाख वर्षं वजा करतो, म्हणून कुठं कुठं १९५ कोटी ५८ लाख छापलेलं दिसेल. हे आधीच सांगते, नाहीतर पुढच्या अंकाला चार पत्रं येतील.)

ब्रह्मदेवाचं सकाळी सहाला उजाडलं असं धरलं, तर आत्ता साडेअकरा वाजलेत. दिवस मावळायचा आकडा उचलून तो आजचं वय म्हणून सांगायचा आणि ‘बघा, जुळलं’ म्हणायचं, हा हिशेब दुकानदारसुद्धा चालवून घेणार नाही. सरलेला काळ धरला तर पंचांग ४५४ कोटींच्या निम्म्यावरही येत नाही.

एवढे मोठे आकडे ज्यांनी मनात धरले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. वडिलांना मात्र असं सांगून बघा, की संकल्प हा पत्ता आहे. मी कुठल्या काळात, गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसून ही पूजा करतोय, एवढं तो सांगतो. आणि पत्ता म्हणजे काय ते आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. माझ्या आजोबांच्या कागदांवर मुंबई इलाखा, वडिलांच्या कागदांवर म्हैसूर राज्य, माझ्या पेन्शनच्या कागदांवर कर्नाटक, आणि २०१४ पासून गावाचं नावसुद्धा सरकारी कागदावर बेळगावी. खालचा कातळ तोच आहे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, कॉलेजला आहे. खोलीवरच्या मित्रानं एक व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणतात, कार्बन डेटिंग ५० हजार वर्षांपलीकडं चालतच नाही, मग कोट्यवधी वर्षं आणली कुठून? पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे, म्हणे. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : व्हिडिओतलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच तू अडकलास. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो आणि ५० हजारांच्या आसपास मोजण्याइतका उरत नाही. पण दगडाचं वय कार्बननं काढतं कोण? कार्बन लाकडाला, हाडाला, चुलीतल्या कोळशाला. सोनाराच्या काट्यावर उसाची गाडी चढत नाही म्हणून कारखान्याचा काटा खोटा ठरतो का? दगडाला त्यातल्याच युरेनियमचा काटा लावतात. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात आणि शेवटी त्याचं शिसं होतं. लाव्ह्याला पोटॅशियम-४० लावतात, ते १२५ कोटी वर्षांत निम्मं होतं आणि त्यातल्या काहीचा आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना हा वायू निसटून जातो, थिजला की आत अडकायला लागतो. म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू. आपल्या काळ्या दगडाचं, म्हणजे दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्ह्याचं, वय असंच साडेसहा कोटींच्या आसपास निघालं.

१९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय ४५५ कोटी काढलं, चूकभूल ७ कोटी. मोजताना त्यांच्या प्रयोगशाळेत जिकडंतिकडं बाहेरचंच शिसं सापडायला लागलं. पुढं पेट्रोलमध्ये शिसं घालण्याविरुद्ध ते वर्षानुवर्षं भांडले. तो वेगळा विषय, पण माणूस मोठा.

आता यंत्राशिवायचं सांगते. १९७२च्या दुष्काळात कडोलीकडं माझ्या मामांनी विहीर खोदली. मी शाळेत होते, काठावर बसून बघायची. आधी काळी माती, मग मुरूम, मग कातळ. सुरुंग लावून लावून गडी खाली गेले आणि एका जागी कातळ संपून वीतभर जाडीचा तांबडाभडक थर लागला. पहारीनं भुगा होणारा, भाजलेल्या विटेगत. त्याच्याखाली पुन्हा काळा कातळ. एक गडी वर बघून ओरडला, ‘मालक, खाली कुणी चूल मांडली होती काय ओ?’ सगळे हसले. पुढं बी.एस्सी.ला गेल्यावर मला कळलं की तो अगदी बरोबर बोलला होता. आधीचा लाव्हा थिजला, ऊनपावसानं वरचा भाग झिजून त्याची माती झाली, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला, त्यानं ती माती भाजून काढली. आपल्या परड्यातला काळा दगड झिजून त्याची वीतभर माती व्हायला किती काळ लागेल, याचा अंदाज मित्राला करायला सांग. आणि असे थर सह्याद्रीत एकावर एक आहेत.

सहा हजारांचा आकडा मुळात जेम्स अशर या आयर्लंडच्या आर्चबिशपांच्या मोजणीसारख्या मोजण्यांतून आला. त्यांनी १६५० साली बायबलमधल्या पिढ्या आणि राजांची वर्षं जुळवून सृष्टीची सुरुवात इसवीसनपूर्व ४००४च्या ऑक्टोबरमध्ये धरली. त्यांना हसू नकोस. हाताशी असलेल्या साधनांत त्यांनी मेहनत केली होती. सौंदत्तीच्या डोंगरातला वाळूचा दगड त्यांना बघायला मिळाला नव्हता. तुम्ही यल्लम्माला जाताच, तेव्हा बघा: नदीकाठच्या वाळूवर पाणी जशा वळ्या उमटवतं, तशाच वळ्या तिथल्या दगडात आहेत, आणि तो दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आहे.

प्रश्न : नारळीकर सर आपल्या कोल्हापूरचे. त्यांनी बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली हा सिद्धांत, मानला नाही, असं वाचलं. एवढा मोठा माणूस मानत नाही, तर विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं हीसुद्धा श्रद्धाच म्हणायची ना? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : या पत्रानं मला दोन दिवस गुंतवलं. जयंत नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले, तोवर ते बिग बँगला प्रश्नच विचारत राहिले, हे खरं आहे. पण कसे, ते बघा.

एडविन हबल यांनी १९२९ साली दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दूर पळतायत हे मोजून दाखवलं. त्या आकड्यांवरून उलटं मोजत गेलं तर विश्वाचं वय येत होतं साधारण २०० कोटी. आणि पृथ्वीवरचे दगड त्याहून जुने निघत होते! लेक आईपेक्षा मोठी. मग फ्रेड हॉएल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४८ साली म्हटलं, सुरुवात नव्हतीच, विश्व कायम असंच आहे. नारळीकर हे त्याच हॉएल यांचे विद्यार्थी. ‘बिग बँग’ हे नावसुद्धा हॉएल यांनीच १९४९ साली रेडिओवर बोलताना वापरलं, म्हणजे बारसं विरोधकानं केलं. उलट सुरुवातीची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ साली पोपनी त्यांच्या सिद्धांताला धर्माचा पुरावा म्हणून डोक्यावर घेतलं, तर लमेत्र यांनाच ते रुचलं नाही.

घोळ सुटला तो १९५२ साली. वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की अंतर मोजायचे तारे दोन जातींचे आहेत आणि आपण त्यांची गल्लत केली होती. अंतरं दुप्पट झाली, वयही दुप्पट. नंतर ते आणखी सुधारत गेलं. मग पेंझियस आणि विल्सन या दोन अमेरिकी संशोधकांना त्यांच्या रेडिओ अँटेनात चारी दिशांनी सारखीच खरखर ऐकू यायला लागली. त्यांनी आत घरटं केलेली कबुतरं हाकलली, शिट साफ केली, तरी खरखर जाईना. १९६५ साली कळलं की ती सगळ्या आकाशातून येणारी, उणे २७० अंशांची ऊब आहे, तापलेल्या सुरुवातीची राहिलेली. हॉएल यांचा मूळ सिद्धांत तिथं कोसळला.

नारळीकरांनी तरी हार मानली नाही. हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी नवी मांडणी केली, आणि ती ऊब लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांच्या धुळीमुळं असू शकते असं गणित मांडलं. बहुतेकांना ते पटलं नाही. मलाही, माझ्या कुवतीप्रमाणं, पटलं नाही. पण ते कण असले तर आकाशात काय दिसलं पाहिजे, हे दुसऱ्या कुणालाही तपासता येत होतं. इसवीसनपूर्व ४००४चा ऑक्टोबर कुठली दुर्बीण लावून तपासायचा, हे तुम्ही मला कळवा. कळवलंत तर पुढच्या अंकात छापीन.

प्रश्न : आमच्या खानापूरच्या शेतात जमिनीखाली तांबडा दगड सापडला. सोबत पाठवला आहे. किती कोटी वर्षांचा असेल?

उत्तर : पार्सल मिळालं. धुऊन बघितलं तर मागच्या बाजूला उठावाची अर्धी अक्षरं आणि रीप अडकवायची खाच आहे. हे मंगळुरी पद्धतीचं कौल आहे. त्या धर्तीची कौलं मंगळुरात १८६५ साली व्हायला लागली, तेव्हा वय एकशेसाठच्या फार पुढं जाणार नाही. परत हवं असेल तर टपालाची तिकिटं पाठवा. नको असेल तर माझ्या तुळशीच्या कुंडीखाली ते अगदी बरोबर बसलंय.