स्टुडिओ न घेता रॉक बँडचा पूर्ण अल्बम घरी रेकॉर्ड करता येईल का?

चार जणांचा बँड, दहा गाणी आणि खऱ्या ड्रम्ससकट सगळं घरच्या खोलीत, असा तुमचा प्रश्न आहे. जमतं. मात्र असा अल्बम कच्चा वाटला तर दोष बहुतेक वेळा ड्रम्सचा असतो, म्हणून निम्मं उत्तर त्यांच्यावरच देतो.

आठ इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारा डबा) असेल तर उत्तम, पण चार माइकांतही काम होतं: एक किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एक स्नेअरला (कडक, चटकदार आवाजाचा ड्रम) आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वर लावलेले. किट खोलीच्या बरोबर मध्यावर मांडू नका, तिथे खालचे सूर गायब होतात. छत बुटकं असेल तर किटच्या वर रॉकवूलचा (आवाज शोषणारी खनिज लोकर) जाड पॅनल टांगा. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून काही होत नाही. वरचा थोडा झणझणाट कमी होतो, घुमणारा बेस तसाच राहतो.

ओव्हरहेड लावताना दोरी घ्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही माइक त्या दोरीच्या एकाच लांबीवर आणा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो. एक माइक तेवढा लांब राहिला, तर दोन्ही एकत्र ऐकताना स्नेअरमधला ५०० हर्ट्झचा भाग कापला जातो. जवळचा स्नेअर माइक आणि मीटरभर वर असलेले ओव्हरहेड यांच्यात तर सुमारे ३ मिलिसेकंदांचा फरक पडतो. तेव्हा १७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका स्नेअरचा भरीवपणा जातो. म्हणून स्नेअरच्या ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. ज्या बाजूने आवाज जाड लागेल ती ठेवा. किकचंही तसंच. ही तपासणी पहिल्या टेकआधी करा, नंतर ईक्यूने (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करण्याचं साधन) गेलेलं परत येत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरे. पीक (सर्वांत मोठ्या आवाजाची पातळी) −१२ डीबीच्या आसपास ठेवा, कारण साउंडचेकला हळू वाजवणारा ड्रमर टेकमध्ये हमखास जोरात वाजवतो. आठ ट्रॅकचा चार मिनिटांचा एक टेक सुमारे २७५ एमबी होतो. त्या हिशोबाने डिस्क मोकळी ठेवा, आणि रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी. क्लिक (तालाची टिकटिक) बंद कानांच्या हेडफोनवरच द्या, नाहीतर शांत शेवटात सिंबल विरताना मागे टिकटिक ऐकू येते.

ड्रम्ससोबत गिटार आणि गाणं फक्त गाइड म्हणून घ्या, नंतर पुसायचं.

गिटारला स्टेजवर लावता त्यापेक्षा गेन (अँपवरचा डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) कमी ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये जास्त डिस्टॉर्शन जड नाही, मातकट वाटतं. डायनॅमिक माइक अँपच्या जाळीपासून २-३ सेंमीवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला. मध्याकडे सरकवला की कर्कश, बाहेर नेला की मऊ. सोबत डीआय ट्रॅकही (गिटारची वायर सरळ इंटरफेसमध्ये) घ्याच, अँपचा आवाज पुढे पटला नाही तर रीअँप करता येतो, म्हणजे तोच ट्रॅक पुन्हा अँपमधून वाजवून रेकॉर्ड करता येतो. रिदम दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मध्यातूनच येतो, रुंदी शून्य. प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग तपासा, कंटाळा आला तरी. बेसला सरळ डीआय.

गायकाला कपाटात कोंबू नका. कपडे फक्त वरचे सूर खातात, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) असेल तर जाड गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगा, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. अंतर १५ ते २० सेंमी, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सँपलमध्ये) १२८ किंवा ६४ वर आणा, नाहीतर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज संगणकात न फिरवता थेट ऐकवणारी सोय) वापरा. मिक्सिंगच्या वेळी बफर १०२४ करा, मशीन अडखळणार नाही.

मिक्स दुसऱ्या कुणाकडे देणार असाल (माझ्या मते द्यावाच, वाजवणाऱ्याला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं) तर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून एक्सपोर्ट करा आणि फाइलच्या नावात टेम्पो लिहा.