विधी शाखेची शिष्यवृत्ती कुठे अडकते?

प्रश्न : आम्ही अनुसूचित जातीचे, वार्षिक उत्पन्न २ लाख. मुलीला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. धाकटा अकरावीत आहे. शिष्यवृत्तीसाठी काय करावे?

उत्तर : उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, म्हणजे मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला घेऊन महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. पैसे बहुतेकदा बँकेत अडकतात. खात्याला आधार क्रमांक जोडला एवढ्याने भागत नाही. एनपीसीआय या बँकांमधील देणी-घेणी सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे ते खाते मॅप झालेले, म्हणजे तुमच्या आधारचे पैसे जमा करायचे खाते म्हणून नोंदलेले हवे. शाखेत जाऊन नेमके हेच विचारा. दोन खाती असतील तर मॅप झालेल्या खात्यातच रक्कम जाते. महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठवला का, हेही पाहा. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

धाकट्याच्या जात वैधता प्रमाणपत्राचा (जातीचा दाखला पडताळून मिळणाऱ्या कागदाचा) अर्ज आताच करा; बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी तो लागतो. पडताळणीला महिने लागतात, आणि कष्टाने मिळवलेली जागा एका कागदापायी जाणे फार वाईट.