पहिली फायबरची डिंगी, म्हणजे छोटी होडी, करतोयस ना?

वल्ह्याची आठ फुटी निवडलीस, बरं केलंस. शिडाची नंतर कर. सेंटरबोर्डची (तळातून पाण्यात सोडायच्या फळीची) पेटी आली की गळतीला जागा आलीच.

आपल्याकडे दुकानात पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं द्रव) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं) वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. बाटल्यासुद्धा एका फळीवर ठेवू नकोस. हार्डनरचं प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 ग्रॅम. डोळ्यांवर गॉगल हवाच. थेंब उडाला तर डोळा जाऊ शकतो.

साच्याला मेण सढळ हाताने लाव. जेलकोट, म्हणजे साच्यावरचा पहिला रंगीत रेझिनचा थर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवा. पातळ राहिला तर वरच्या रेझिनमधलं स्टायरीन (त्याला पातळ ठेवणारं द्रव) त्यात शिरतं आणि सुरकुत्या पडतात. मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, कधी घालायची? जेलकोटला बोट लावून बघ: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला रंग येता कामा नये. ट्रान्सम, म्हणजे होडीचा मागचा सपाट भाग, तळाला मिळतो त्या कोपऱ्यात मॅट वळत नाही, पांढरट फुगे राहतात. तिथे मॅट कात्रीने कापू नकोस, हाताने फाडून लाव. फाटलेली कड सपाट बसते. रोलरही तिथेच जास्त फिरव.

पावसाळ्यात कोकणात हे काम काढूच नये, असं माझं मत. मॅट ओल धरते.

आणि बाकांखाली फोम भर. काच आणि रेझिन दोन्ही पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पाणी भरलं की होडी तळ गाठते. थर्माकोल मात्र नको, पॉलिएस्टर रेझिन लागलं की विरघळतो. पीयू (पॉलियुरेथेन) फोम घे.