सुईने पाणी काढून भागेल का? आमच्या घरचा अनुभव

मुलगा ७ वर्षांचा, गळ्याच्या मधोमध पाण्याची गाठ, सुईने भागेल की ऑपरेशनच, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार.

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी घाटीच्या वर बोराएवढी गाठ आली. सर्दी-तापात ती लाल होऊन ठणकायला लागली. मोठे दीर म्हणाले, "गळू आहे, फोडून टाकू." मी नको म्हणत असताना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन चिरा मारून आणला. पू निघाला, पोर हसायला लागली, भाऊजींची कॉलर ताठ. चार महिन्यांत गाठ परत, वर चिऱ्याच्या जागी भोक पडून चिकट पाणी गळायचं. शाळेच्या शर्टाची कॉलर रोज ओली.

शेवटी लहान मुलांच्या सर्जनकडे गेलो. तिला जीभ बाहेर काढायला लावली, तशी गाठ वर सरकली. थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि जन्माआधीच गळ्यात उतरते. त्या वाटेची नळी बुजली नाही की ही गाठ होते. नळी हायॉइड नावाच्या नालासारख्या हाडाला चिकटून जाते, म्हणून हाडाचा मधला तुकडा आणि वरची नळीही काढतात. सिस्ट्रंक नावाच्या अमेरिकन सर्जनने १९२० साली ही पद्धत मांडली. नुसती गाठ काढली तर साधारण निम्म्या जणांत परत येते, अशी हाडासकट काढली तर शंभरात १० पेक्षाही कमी जणांत.

हे ऐकून भाऊजी ओरडले, "एवढ्याशा गाठीला पोरीचं हाड कापणार?" कापलं. दोन रात्री दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी घरी वरणभात. गिळायला, बोलायला काही फरक नाही. ऑपरेशनचा व्रण गळ्याच्या घडीत लपलाय. दिसतो तो भाऊजींच्या चिऱ्याचा.

आधी सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर आहे ना हे बघून घ्या. कधीकधी ती गाठ हीच एकमेव थायरॉइड असते. आत्ता लाल असेल तर आधी अँटिबायोटिक, ऑपरेशन नंतर. फारच तटतटली तर सुईने ओढतात, पण ते तेवढ्यापुरतं.

आणि हो, हे सगळं मधल्या गाठीचं. बाजूची असेल तर प्रकरण वेगळं. लहान बाळांच्या लिम्फच्या (अंगात झिरपणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाच्या) पिशवीसारख्या गाठीत सुईने औषध सोडूनही गाठ आकसते, तिथे सुईला नावं ठेवू नका. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत बाजूला पाण्याची गाठ आली तर कॅन्सर नाही ना, हे आधी तपासायचं.

भाऊजी अजून म्हणतात, "पू तर मीच काढला ना!"