वाचकांचे प्रश्न : फाउंटन पेनाचा आकार आतून ठरतो

प्रश्न : लेथवर माझे पहिले फाउंटन पेन घडवण्यापूर्वी मी कागदावर आकृती काढली आहे. पेन सडपातळ, सर्वत्र १२ मिलिमीटर जाडीचे असावे आणि टोपण लावल्यावर दांडी व टोपण यांच्यामध्ये पायरी दिसू नये, अशी माझी कल्पना आहे. ओळखीचे एक अनुभवी कारागीर म्हणतात, की हे जमणार नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर : आपल्या आकृतीत बाहेरची रेषा आधी आणि आतले भाग नंतर आले आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. पेनाची आखणी निबपासून सुरू करावी आणि एकेक थर वाढवत बाहेर यावे, असे मी आग्रहाने सांगेन. निब आणि फीड (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) ज्या नळीत बसतात ती नळी पकडीत, म्हणजे लिहिताना बोटांनी धरायच्या भागात, जाते, पकडीच्या मागच्या टोकाचे आटे दांडीत जातात, आणि दांडीच्या बाहेरच्या आट्यांवर टोपण बसते. म्हणजे एकाच ठिकाणी एकात एक असे चार थर असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला पुरेशी भिंत लागते.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. टोपणासाठी १३ मिलिमीटर व्यासाचे, ०.८ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) आटे घेतले, तर आट्यांची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. म्हणजे खाचांच्या तळाशी दांडीचा व्यास सुमारे १२ उरतो. पकडीसाठी आत १० मिलिमीटरचे आटे पाडले, की दोन्हींच्या मधली भिंत एका बाजूला फक्त १ मिलिमीटर राहते. एबोनाइट (कठीण केलेले रबर) किंवा ॲक्रिलिक (प्लास्टिकचा एक प्रकार) यांसाठी मी यापेक्षा खाली जाणार नाही. बाहेर टोपणाची भिंत सव्वा मिलिमीटर धरली, तर टोपणाचा व्यास साडेपंधरा होतो. आता आपले १२ मिलिमीटर घ्या आणि उलट दिशेने आत या : टोपणाची भिंत १ मिलिमीटरपर्यंत पातळ केली, तरी ती दोन्ही बाजूंनी वजा जाता आट्यांना १० उरतात, खाचांच्या तळाशी ९, आणि दांडीची भिंत सोडल्यावर आत ७. कन्व्हर्टरच (शाई ओढून घेणारी, दांडीत बसणारी सुटी नळी) साधारण तेवढ्या जाडीचा असतो, मग पकडीच्या आट्यांना जागा कुठून मिळणार?

सडपातळपणा हवाच असेल तर तो आट्यांपाशी न शोधता टोकांकडे शोधावा. मध्यभागी दांडीला लागणारी जाडी द्यावी आणि तेथून मागे हळूहळू उतार देत शेवट १० मिलिमीटरपर्यंत आणावा. डोळा टोकांवरून पेनाची जाडी ठरवतो, त्यामुळे असे पेन आहे त्यापेक्षा बारीक भासते. ६ क्रमांकाऐवजी ५ क्रमांकाची लहान निब घेतल्यानेही सर्व थर थोडेथोडे आत सरकतात. एक खबरदारी मात्र घ्यावी : क्रमांक सारखा असला तरी वेगवेगळ्या उत्पादकांच्या निबच्या नळ्यांचे आटे एकमेकांत बसतातच असे नाही. निब हातात आल्याखेरीज पकडीत टॅप (आतले आटे पाडण्याचे हत्यार) घालू नये.

प्रश्न : तिपदरी आट्यांचे टॅप आणि डाय (बाहेरचे आटे पाडण्याचे हत्यार) महाग असतात. साध्या एकपदरी आट्यांनी काम भागणार नाही का?

उत्तर : पकडीच्या आट्यांना भागते, आणि तेथे तेच योग्य आहेत, कारण तो जोड क्वचित उघडायचा असतो व घट्ट राहायला हवा. टोपणाची गोष्ट निराळी आहे. ०.८ पिचचे एकपदरी आटे एका फेऱ्यात ०.८ मिलिमीटरच पुढे सरकतात. टोपणाचे आटे ४ मिलिमीटर लांबीपर्यंत गुंतत असतील तर टोपण काढायला पाच फेरे लागतील. दिवसातून अनेकदा उघडायच्या पेनाला हे सोसवणारे नाही. पिचच वाढवून २.४ केली तर फेरे कमी होतील, परंतु आट्यांची खोली जवळपास दीड मिलिमीटर होईल आणि वर पाहिलेली १ मिलिमीटरची भिंत शिल्लकच राहणार नाही. तिपदरी आट्यांत तीन स्वतंत्र खाचा एकमेकींच्या शेजारून फिरत जातात. खोली अर्ध्या मिलिमीटरचीच राहते, पण एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर सरकते आणि पावणेदोन फेऱ्यांच्या आत निघते.

तिपदरी आटे घेतल्यास एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. टोपण तीन ठिकाणांहून सुरू होऊ शकते, म्हणून दांडीवरची नक्षी किंवा रंगांचे पट्टे टोपणावरच्या पट्ट्यांशी तीनांपैकी एकाच जागी जुळतात. ती जागा वापरणाऱ्याला सापडावी यासाठी छोटी खूण ठेवणे चांगले. आट्यांच्या कडा मात्र कधीही धारदार सोडू नयेत. पुष्कळांची बोटे लिहिताना नेमकी आट्यांवरच विसावतात. बारीक पॉलिशपेपरने माथे किंचित बोथट केले, तर टोपणाच्या घट्टपणात फरक पडत नाही आणि बोटांना पडणारा फरक मोठा असतो.

प्रश्न : एबोनाइट निवडावे की ॲक्रिलिक?

उत्तर : हातात धरायला मला एबोनाइट अधिक आवडते. नैसर्गिक रबरात भरपूर गंधक मिसळून, तापवून ते कठीण केलेले असते. कातताना त्याच्या लांब फिती निघतात आणि गंधकाचा वास येतो. ते बोटांना गार लागत नाही आणि त्यात आटे फार स्वच्छ पडतात. दोष असा, की ऊन आणि ओलावा यांनी काळे एबोनाइट कालांतराने तपकिरी पडते. चांदीची क्लिप किंवा कडी लावायची असेल, तर त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते हेही विचारात घ्यावे.

ॲक्रिलिकमध्ये रंगांची खोली मिळते आणि चमक टिकते. परंतु ते ठिसूळ आहे आणि उष्णता त्याला मानवत नाही. भोक पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुगा साफ केला नाही, तर आत साहित्य वितळते, ताण साठतो आणि पुढे कधीतरी आट्यांपाशी तडा जातो. याच कारणाने तयार ॲक्रिलिक पेन अल्कोहोलने पुसू नये. पारदर्शक ॲक्रिलिक घेतल्यास भोकाच्या आतल्या भिंतीलाही बाहेरच्याइतकेच पॉलिश द्यावे लागते, नाहीतर ड्रिलचा प्रत्येक ओरखडा बाहेरून दिसतो.

सेल्युलॉइड देखणे असते. मात्र ते चटकन पेट घेते, म्हणून पहिल्या पेनासाठी मी ते सुचवणार नाही.

प्रश्न : मी ड्रॉपरने थेट दांडीच्या पोकळीत शाई भरण्याचे पेन केले. शाई कमी झाली, की लिहिता लिहिता अचानक कागदावर थेंब पडतो. निब दोषी आहे का?

उत्तर : निब बहुधा निर्दोष आहे. रिकाम्या झालेल्या जागेत हवा साठते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. ८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६० मिलिमीटर लांबीच्या पोकळीत सुमारे ३ मिलिलीटर शाई मावते. त्यातली २ मिलिलीटर संपली आणि आतल्या हवेचे तापमान १० अंशांनी वाढले, तर हवा ०.०७ मिलिलीटरच्या आसपास फुगते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा असतो. अर्धा मिलिलीटरच हवा असेल तर हे फुगणे ०.०२ मिलिलीटरपेक्षाही कमी राहते आणि फीडच्या कंगोऱ्यांत सामावून जाते. म्हणूनच भरलेले पेन नीट वागते.

उपाय आखणीतच करावा लागतो. पोकळी अरुंद ठेवून भिंत जाड ठेवावी, आणि उष्णता हळू वाहून नेणारे एबोनाइट घ्यावे. शाई किती मावते या मोहात पोकळी मोठी करत जाण्याची सवय मला चुकीची वाटते. सध्याच्या पेनात निम्मी शाई संपण्यापूर्वीच पुन्हा भरावी आणि पकडीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. ग्रीसने थेंब थांबणार नाही, पण आट्यांतून होणारी गळती थांबेल.

प्रश्न : दोन दिवस ठेवले तर निब वाळते. लाकडी टोपणामुळे असे होते का?

उत्तर : होय, लाकडातून ओलावा निघून जातो. टोपणात एबोनाइटचे किंवा ॲक्रिलिकचे पातळ अस्तर बसवावे. अस्तराचा वरचा भाग भरीव ठेवला, तर निबभोवतीची हवेची जागाही कमी होते.

प्रश्न : क्लिप नसलेले टोपण अधिक सुंदर दिसते. क्लिप वगळावी का?

उत्तर : पेन खिशात जाणार नसेल तर अवश्य वगळावी. गोल पेन टेबलावरून घरंगळून निबवर पडू नये, एवढी सोय मात्र करावी. टोपणाच्या एका बाजूला कानशीने घासून छोटा सपाट भाग काढावा, किंवा टोपणावर धातूचा लहानसा उंचवटा बसवावा. सपाट भाग काढण्यापूर्वी त्या जागी टोपणाची भिंत किती उरेल हे मोजून घ्यावे आणि तो आट्यांपासून दूर, बंद टोकाकडे ठेवावा.