भंगारातली कूपे आणि मुलीच्या शिक्षणाचा फंड

प्रश्न: वय ४३, नोकरी स्थिर. सुट्टीच्या दिवशी जुनी भंगार यार्डं पालथी घालायचा नाद आहे. एका यार्डात झुडपांमागे साठच्या दशकातली कूपे, म्हणजे दोन दारांची मोटार सापडली. मालक सांगतो ती किंमत माझ्या वर्षभराच्या बचतीएवढी आहे. दोन वर्षांत गाडी नव्यासारखी करून नफ्यात विकायची, असा बेत आहे. दुरुस्तीसाठी मुलीच्या शिक्षणाचा फंड मोडावा लागेल. तिला ते पैसे पाच वर्षांनी लागणार आहेत. करू का?

उत्तर: फंड मोडू नका. पाच वर्षांनी ठरलेल्या तारखेला लागणारा पैसा अशा वस्तूत अडकवायचा नसतो, जिचं गिऱ्हाईक कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. कॉलेजची फी भरायची तारीख गाडीच्या रंगकामासाठी थांबणार नाही. गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तिथे मी सरसकट नाही म्हणणार नाही.

तुमचा सगळा हिशेब मालकाने सांगितलेल्या किमतीपासून सुरू होतो. भंगारातल्या गाडीत बहुतेक वेळा तोच सगळ्यात लहान आकडा असतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण या धंद्याला तंतोतंत लागू पडते. समजा, खरेदी १०० धरली. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून दुरुस्तीचे ३०० सांगितले. हा अंदाज रंगावरून केलेला असतो. वाळूच्या झोताने पत्रा साफ केला की खरी गाडी दिसते: दारांखालचा पट्टा आतून पोकळ झालेला, पायाखालच्या पत्र्याला भोकं, चाकांवरच्या कमानींत जुन्या पुट्टीचे थर. मग वेल्डिंगचे तास वाढत जातात. ३०० चे ६०० होणं यात काही विशेष नाही. दोन वर्षं ती ठेवायला कोरडी जागा, विमा, वाहतूक यांचे ५० धरा. एकूण ७५०. गाडी उत्तम झाली, लिलावात ७०० ला गेली आणि १० टक्के कमिशन कापलं गेलं, तर हातात ६३०. तुमच्या शनिवार-रविवारची मजुरी यात कुठेच धरलेली नाही. दरम्यान फंडातला पैसा वाढत राहिला असता, तेही यात नाही.

हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे वेगळे निघतील. ते नेमके काढायचे तर पुढच्या फेरीला जाताना एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि दाराच्या खालच्या कडेवरून, कमानींवरून फिरवा. पोलादी पत्र्यावर जिथे तो धरत नाही, तिथे खाली पुट्टी आहे. दार उघडून हलकेच वर उचलून पाहा. बिजागरीपाशीच हललं, तर काम थोडं आहे. बिजागरीचा खांबच हलला, तर सांगाडा गेलेला आहे. स्प्रिंगा जिथे चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला बसतात तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. ते आत घुसलं, तर तिथेच थांबा. इंजिन बांधता येतं, सीट शिवून घेता येतात. पाया कुजलेली गाडी पैसे खात राहते.

आता त्या बातम्यांविषयी, ज्या वाचून असे बेत ठरतात. फ्रान्समध्ये रॉजे बायों या वाहतूक व्यावसायिकाचा विसरला गेलेला संग्रह सापडला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला. त्यातली १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. पण ती फेरारी बंद गॅरेजमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली होती आणि एके काळी अभिनेता आलँ दलों याच्या मालकीची होती. उघड्या टपरीखाली राहिलेल्या कित्येक गाड्यांचे त्याच संग्रहात सांगाडे उरले होते. दुसरं उदाहरण १९२५ च्या बुगाटी ब्रेशियाचं. ती इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी सात दशकांहून जास्त काळ पडून होती. २००९ मध्ये वर काढली आणि जानेवारी २०१० मध्ये सुमारे २ लाख ६० हजार युरोंना एका संग्रहालयासाठी विकली गेली, तीही तशाच गंजलेल्या अवस्थेत. दोन्हीकडे मोल इतिहासाचं होतं. तुमच्या कूपेला असा इतिहास आहे का, हे तुम्ही लिहिलंय त्यावरून कळत नाही.

बाजारही एकसारखा चढत नाही. १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले, त्यानंतर जुन्या गाड्यांचे भाव भडकले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोसळले. शिखरावर कर्ज काढून घेतलेल्या गाड्या लोकांच्या गळ्यात पडल्या.

शिवाय मॉडेल कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. फोक्सवॅगन बीटल २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे पार्ट मिळतात, पण दुर्मिळतेचा भाव मिळत नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तर अख्खी नवी बॉडी १९८८ पासून पुन्हा बनू लागली. उलट अगदी थोड्या निघालेल्या गाडीची पुढची काच किंवा एक क्रोमपट्टी शोधण्यात वर्ष जातं आणि ती ज्याच्याकडे असते तो म्हणेल ती किंमत मोजावी लागते. तुमची कूपे या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते, ते त्या मॉडेलच्या शौकीन मंडळींना विचारा. तयार गाडी किती जणांना विकत हवी आहे, हेही त्यांच्याकडूनच कळेल.

हा नाद सोडा, असं मी मुळीच सांगणार नाही. झाडाझुडपांत शिरून, चाकाची टोपी किंवा दिव्याची कड पाहून गाडी ओळखायची यातला आनंद खरा आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या व्हाइट गावी ओल्ड कार सिटीमध्ये चार हजारांहून जास्त गाड्या जंगलात उभ्या राहिल्या आणि लोक तिकीट काढून नुसत्या बघायला, फोटो घ्यायला जात आले. हौसेसाठी वर्षाच्या बचतीतला ठरावीक हिस्सा, माझ्या मते दहा टक्क्यांपर्यंत, वेगळ्या खात्यात टाका. त्यातून जे होईल ते मोकळ्या मनाने करा, कर्ज मात्र काढू नका. पार्ट सोडवून विकणं हाही मार्ग आहे: धड काचा, कार्ब्युरेटर, घड्याळं, नावाच्या पट्ट्या यांना त्या मॉडेलचे मालक चांगला भाव देतात आणि त्यात भांडवल कमी अडकतं. आणि चालवायलाच हवी असेल, तर दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी बहुतेक वेळा स्वतः करण्यापेक्षा स्वस्त पडते. त्याने ओतलेला सगळा पैसा त्यालाही परत मिळत नसतो.

या आठवड्यात मालकाकडे मालकीचे कागद मागा, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून पाहा आणि ती पुन्हा नोंदवता येईल का, हे तुमच्या परिवहन कार्यालयात विचारा. नोंदणी आधीच रद्द करून गाडी भंगारात काढल्याची नोंद असेल, तर ती फक्त पार्टांच्या भावानेच घ्यायची. कागद चोख असले, सांगाडा धड असला आणि किंमत हौसेच्या खात्यात बसत असली, तर घ्या, कोरड्या छपराखाली उभी करा आणि दुरुस्ती दरवर्षी त्या खात्यात जमेल तेवढीच करा. दोन वर्षांची मुदत मनातून काढून टाका. आणि आज टोकन देऊ नका.