वार्निश नंतर, आधी तळ दाखवा

तुम्ही विचारलंय की १९४८ची सतरा फुटी क्रिस-क्राफ्ट डिलक्स रनअबाउट ही लाकडी मोटरबोट, स्वतः खपून नवी केलेली, मिशिगनमध्ये कितीला जाईल आणि जाहिरातीत काय लिहावं. किमतीआधी तळाबद्दल लिहितो, कारण किंमत तिथे ठरते.

फोटोंत वार्निश फार सुरेख दिसतंय, त्यामागची मेहनत कळते. पण या बोटींचं माहीतगार गिऱ्हाईक डेकची चमक बघून भुलत नाही. ते जमिनीवर आडवं होऊन ट्रेलरखाली डोकं घालतं आणि पहिलाच प्रश्न विचारतं, तळ कोणता? त्या काळच्या क्रिस-क्राफ्टचा तळ सहसा दुहेरी फळ्यांचा, मधे कॅनव्हास. अशी बोट दर वसंतात पाण्यात सोडून भिजवावी लागते. लाकूड फुगतं, सांधे मिटतात, तोवर आत पाणी येतंच. आता बरेच जण दोन थरांमध्ये ५२०० नावाचं चिकट, पाणी अडवणारं सीलंट भरून नवा तळ बसवतात, म्हणजे भिजवायची गरज राहत नाही. तुमचा तळ यातला कोणता, ते जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहा. तळ उघडा असतानाचे फोटो असतील तर ते शोधून काढाच. ओकच्या नव्या फ्रेम, कील (तळाचा मधला कणा), चाइन (तळ आणि बाजू मिळतात ती कड), सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू... असे वीस फोटो सूर्यास्तातल्या एका फोटोपेक्षा जास्त पैसे मिळवून देतात. एखादी जुनी फळी तशीच ठेवली असेल तर तेही सांगा, बोट तपासणारा सर्व्हेअर लाकडी हातोडी घेऊन ठोकत फिरला की ती सापडणारच.

दुसरं म्हणजे हल कार्ड, कारखान्याने ठेवलेली त्या बोटीची नोंद. क्रिस-क्राफ्टची जुनी दफ्तरं व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. हल नंबर कळवून फी भरली की तुमच्या बोटीच्या कार्डाची प्रत मिळते. कारखान्यातून कधी निघाली, कोणतं इंजिन होतं, कुठे पाठवली, हे त्यावर असतं. आतलं इंजिन मूळचंच निघालं तर भाव वाढतो. क्रोम, डायल, स्टिअरिंग बदललं असेल आणि जुने भाग जपले असतील तर ते बोटीबरोबरच द्या.

आता किंमत. लाकूड, क्रोम, गादीकाम आणि स्वतःचे तास यांची बेरीज करून आकडा काढू नका, कारण तेवढे सहसा परत येत नाहीत आणि ते मान्य करायला जड जातं. हेच मॉडेल, हीच लांबी, असाच तळ असलेल्या बोटी प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते शोधा. जाहिरातीतले आकडे मागणीचे असतात. क्रिस-क्राफ्टचीच युद्धाआधीची बॅरल-बॅक किंवा १९५५ची कोब्रा यांचे लिलावातले भाव तुमच्या बोटीला लावू नका, त्यांचे गिऱ्हाईकच वेगळे.

ऑक्टोबरमध्ये ताडपत्रीखालची बोट विकायला काढू नका. मे-जूनमध्ये पाण्यात असू द्या, थंड इंजिन गिऱ्हाइकासमोर सुरू करा, ऑइल प्रेशर बघू द्या. अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटीच्या स्थानिक शाखेत कळवा. ऑगस्टमध्ये मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलात हेसलला लाकडी बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे धक्क्याला लावून 'विकणे आहे' अशी पाटी ठेवली तर खरी आवड असलेली माणसं आपसूक येतील.

कागदपत्रं आत्ताच बघा. मिशिगनमध्ये कायम बसवलेलं इंजिन असलेल्या बोटीला टायटल (मालकीचा सरकारी दाखला) लागतं, लांबी वीस फुटांहून कमी असली तरी. बारा अक्षरी हल क्रमांक १९७२पासून आला, त्यामुळे तुमचा लहानच असणार. टायटलवरचा क्रमांक आणि लाकडावर ठोकलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतोय ना, ते पडताळा. ट्रेलरचे कागद वेगळे. चेक, विशेषतः ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा, घेऊच नका. गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या बँकेत जा, वायरने (बँकेतून थेट) पाठवलेले पैसे तुमच्या खात्यात जमा झालेले दिसले की मगच टायटलवर सही करा.